फ्रेंच भांड्याचं झाकण

बाबा गेल्यावर कितीतरी दिवस माझा अभ्यास होईना. मी बारावीला होते आणि आजवरचा सगळा अभ्यास ठोक्यांच्या आवाजात केलेला. आमचं घर गुजरीच्या, म्हणजे सराफांच्या पेठेच्या, मागच्या गल्लीत. आत दोन खोल्या आणि पुढं रस्त्याला लागून कारखाना. कारखाना म्हणायचा एवढंच, तीही एक खोलीच होती. पण तिच्या मधोमध चिंचेच्या लाकडाचा ओंडका जमिनीत अर्धा पुरलेला होता आणि त्यावर बाबांची ऐरण बसवलेली होती. सकाळी शेगडी पेटायची, जोड लावायचा टाकणखार तापला की फुसफुसायचा, लाल झालेली चांदी पाण्यात बुडवली की चर्र व्हायचं, आणि मागच्या मोरीत आई रिठ्याच्या फेसात पैंजणं घासत बसायची. संध्याकाळी शेगडीतले निखारे वाया जाऊ नयेत म्हणून त्यावर वांगी भाजायची. भरीत, भाकरी आणि खर्डा, हे आमचं आठवड्यातलं निदान चार दिवसांचं जेवण. बाबा जेवताना सुद्धा बोटांनी ताटाच्या काठावर ठेका धरायचे. ते सगळं थांबलं आणि घर असं गप्प झालं, की पुस्तकातल्या ओळी मला ऐकूच येईनाशा झाल्या. आज माझ्या स्वतःच्या कारखान्यात कुणी नवीन मुलगी शिकायला आली आणि आवाजाला कंटाळली, तर मी तिला काही सांगत नाही. तिचं तिला कळतं.

बाबांच्या घराण्यात तीन पिढ्या पैंजणं आणि करदोटे होत. आई मात्र गारगोटी गावच्या एका तांबटाची मुलगी. हे लग्न बाबांनी हट्टानं केलेलं, आणि त्यांच्या थोरल्या भावानं, आण्णांनी, ते कधी मनापासून मानलं नाही. आण्णांचं दुकान गुजरीत, आमच्या घरापासून दोन मिनिटांवर. बाबा त्यांच्यासाठी माल घडवायचे आणि आण्णा तो विकायचे. आई त्यांच्या लेखी कायम 'तांबटाची पोर'. रागावले की म्हणायचे, "तांब्याचा हात चांदीला लागला की चांदी काळी पडती." आईशी ते थेट बोलतच नसत. आई समोर उभी असली तरी मला मध्ये घालायचे, "वैशे, तुझ्या आईला सांग, उद्याच्याला माल पाहिजे." आणि आईही पदर सावरून माझ्याकडं बघत म्हणायची, "वैशे, सांग त्यास्नी, हुईल." माझ्या जन्मापासून मी त्या दोघांमधली तार होते. बाबा गेल्यावर आण्णांचा निरोप असाच माझ्या तोंडून आला. वर्षश्राद्ध झालं की पुढची खोली मोकळी करायची, ऐरण आणि हत्यारं दुकानामागच्या त्यांच्या कारखान्यात न्यायची, आम्ही मागच्या दोन खोल्यांत राहायचं आणि त्यांच्या दुकानातली पैंजणं घासायला घ्यायची. आईनं ऐकून घेतलं. 'सांग, हुईल' असं काही त्या दिवशी ती म्हणाली नाही.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांत, भर दुपारी, एक बाई आमच्या दारात रिक्षातून उतरल्या. सुती इस्त्रीची साडी, चष्मा, आखूड कापलेले पांढरे केस आणि हातात चादरीत बांधलेलं गाठोडं. त्या तावातावानं आत आल्या आणि म्हणाल्या, "हाच ना कारखाना? मालक कुठं आहेत?" दुकानात आण्णा नव्हते म्हणून कुणीतरी 'कारखाना मागं हाय' असं सांगितलं होतं आणि त्या चुकून आमच्याकडं आल्या होत्या. त्यांचं नाव कांबळेबाई. कॉलेजात आयुष्यभर फ्रेंच शिकवून त्या नुकत्या निवृत्त झाल्या होत्या आणि राजारामपुरीत नव्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या होत्या. सामान हलवताना टेम्पोत एक कपाट आडवं झालं आणि त्यांच्या एका भांड्याचं झाकण चेपून त्याला चीर गेली. ते त्यांनी आण्णांकडं दुरुस्तीला दिलं. आता त्यांनी गाठोडं सोडून आमच्यापुढं ठेवलं.

मी चांदीच्या घरात वाढले, पण असं भांडं कधी पाहिलं नव्हतं. आपल्या मोठ्या पातेल्याएवढं, लांबट, खाली चार पाय, दोन्ही बाजूंना वेलीसारखे वळलेले कान आणि पोट असं भरलेलं की हात फिरवावासा वाटावा. शिकायला फ्रान्समध्ये असताना कांबळेबाई एका म्हातारीच्या घरात वरच्या खोलीत राहायच्या. दर रविवारी ती म्हातारी त्यांना खाली बोलावून याच भांड्यातून सूप वाढायची, आणि निघताना तिनं ते जबरदस्तीनं त्यांच्या पेटीत घातलं होतं. त्याचं फ्रेंच नाव त्यांनी सांगितलं, सुपिएर. आई शेवटपर्यंत त्याला सुपली म्हणत राहिली. झाकण मात्र बघवत नव्हतं. चिरेवर राखाडी लेप दिलेला आणि त्याच्या आजूबाजूला चांदीला भोकंच भोकं, उंदरानं कुरतडल्यासारखी.

"शिशाचा डाख लावलाय," आई म्हणाली. "आन् मग तो काढायला तापवलंय. शिसं लागलेली चांदी तापवली की शिसं तिला खातंय. कुणी क्येलं हे?"

"तुमच्याच दुकानात केलं," कांबळेबाई म्हणाल्या. "आणि आता म्हणतात, वितळवून टाका, वजनावर नवीन ताटं घ्या. वितळवायला मी आणलं होतं का हे?" त्यांचा आवाज चढला तशी त्यांची पुस्तकी भाषा सुटली. "मी काय मोडीला आलोय व्हय?"

आईनं बहुतेक त्या वाक्यावरच त्यांना आपलं मानलं. आमच्याकडं बायकाही 'आलो, गेलो' म्हणतात. परगावच्यांना त्याचं हसू येतं. आईनं भांडं उचललं, पालथं केलं, नखानं टिचकी मारली आणि कान लावला. मग डोळे मिटून ती आतून बोटं फिरवत राहिली. शेवटी तिनं माझं बोट धरून भांड्याच्या तळाला आतून टेकवलं. तिथं मधोमध सुईच्या टोकाएवढा खड्डा होता. "परकाराचं टोक," ती म्हणाली. "इथनं गोल धरलाय आन् इथनं बाहेर बाहेर ठोकत गेल्यात. पोटाला कुठं जोड न्हाय. एका सपाट पत्र्याचं उठवलंय सगळं. माझा आबा घागर अशीच उठवायचा." आणि मग कांबळेबाईंकडं वळून, मला मध्ये न घालता, थेट, "झाकण नवं करावं लागंल. वरची मूठ आन् काठाची मण्यांची पट्टी ह्याचीच लावतो. चोख चांदीचा तुकडा आणून द्या. तांबं मी घालतो."

"तुम्ही करणार?"

"मग कोण करणार? पैंजणवाल्यास्नी जमायचं न्हाय ते."

कांबळेबाईंनी आईच्या हातांकडं पाहिलं. रिठ्यानं पांढरट पडलेले, नखं तुटलेली. मग त्या चष्मा काढून पुसत म्हणाल्या, "करा."

त्या दिवशी निघण्याआधी त्यांनी आम्हाला भांड्याच्या काठाखालचे ठसे भिंगातून दाखवले. एक टोप घातलेल्या बाईचं मुंडकं, तांदळाच्या दाण्याहून लहान. ते चांदीच्या शुद्धतेचं सरकारी चिन्ह. दुसरा ठसा शंकरपाळ्याच्या आकाराचा, आत दोन-तीन अक्षरं. तो घडवणाऱ्याचा. त्यातलं पहिलं अक्षर व्ही. "व्हीचा अर्थ व्हव्ह," कांबळेबाई म्हणाल्या. "म्हणजे विधवा. नवरा गेला की तिकडं बायको त्याचा कारखाना चालवू शकायची. स्वतःचा ठसा नोंदवायची. हे भांडं एका विधवेच्या कारखान्यातलं आहे."

आईनं भिंग घेतलं आणि शंकरपाळ्याकडं बघत विचारलं, "तिला दीर होता?"

"ते कुठं लिहिलेलं नसतं."

"असणारच," आई म्हणाली आणि भिंग परत दिलं.

चांदी आली. आईनं ती मुशीत गाळली, शंभराला पाच भार तांबं घातलं आणि पत्रा काढून गोल कापला. आणि एका सकाळी, भाकऱ्या आटोपून, पदर खोचून, ती बाबांच्या जागेवर ऐरणीपुढं बसली. पुढचं दार तिनं सताड उघडं ठेवलं. मी ओढून घ्यायला गेले तर म्हणाली, "राहू दे. चोरी न्हाय करत." पहिले ठोके लाकडी मोगरीचे, जाड, ठप ठप. त्या आवाजानं समोरच्या घरातली खिडकी उघडली. मधनं सुरू करून बोटभर अंतरानं गोल गोल फिरत ती काठाकडं यायची, पत्रा कडक झाला की त्याला शेगडीवर ताव द्यायची, पाण्यात विझवायची, चिंचेच्या पाण्यातून काढायची आणि पुन्हा मधून सुरुवात. फुंकणी मी धरायचे. चांदीला ताव देताना ती नुसती गुलाबी व्हायला हवी. त्यापुढं एक क्षण गेला की वितळते. आई माझ्या तोंडाकडं न बघता फक्त "बास" म्हणायची आणि मी थांबायचे. तिसऱ्या दिवशी ताटलीची वाटी झाली. पाचव्या दिवशी तिला लांबट घुमटाचा आकार आला. आवाजही बदलत गेला, पातळ होत, टिण टिण असा वर चढत. माझा अभ्यास पुन्हा सुरू झाला, हे मला परीक्षा जवळ आल्यावर लक्षात आलं.

गल्ली बोलत होतीच. नवरा जाऊन सहा महिने नाहीत आणि ही दार उघडं टाकून ठोकत बसलीय. थोरली काकू, म्हणजे आण्णांची बायको, पाण्याच्या नळावर सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायची. आठव्या की नवव्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला, वर्षश्राद्धाची वाट न बघता आण्णा दोन कारागिरांना घेऊन आले. आई मठारत होती. मठारणं म्हणजे हातोडीच्या आरशासारख्या तोंडानं हलके ठोके मारत सगळे जुने ठोके पुसत जाणं. हातोडीला धुळीचा एक कण चिकटला तरी तो चांदीवर उमटतो, म्हणून आई दर चार ठोक्यांनी हातोडीचं तोंड पदराला पुसायची.

"वैशे," आण्णा दारातूनच म्हणाले, "तुझ्या आईला सांग, आता बास. ऐरण न्यायला आलोय."

मी आईकडं पाहिलं. आईनं हातोडी पुसली आणि चार ठोके मारले.

"वैशे, सांग तिला. नाव घालवाय लागलीय घराण्याचं. आन् कुणाचं भांडं कुणाच्या घरात आणून ठेवलंय, त्याचा तरी इचार हाय का? उद्या देवाची भांडी कोण आपल्याकडं टाकंल?"

तेव्हा आई थांबली. तिनं झाकण मांडीवर घेतलं, मान वर केली आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा, माझ्या डोक्यावरनं, सरळ त्यांच्याकडं बघून बोलली.

"आण्णा, हेच भांडं तुमच्या दुकानात आलतं. तवा कुणाचं हाय ते दिसलं न्हाय? तुमच्याकडं चालतंय, आन् माझ्या घरात आलं की बाटतंय?"

आण्णा गडबडले. ते पुन्हा माझ्याकडं वळले, "वैशे..."

"तिला न्हाय, मला सांगा," आई म्हणाली. "शिसं लावून भांडं खाल्लं तुम्ही, आन् घराण्याचं नाव मी घालवतोय? ही ऐरण माझ्या नवऱ्याची हाय. ह्या घरातली अर्धी खोली सुद्धा सोडायची न्हाय मी."

"उचला रे ती," आण्णा कारागिरांना म्हणाले.

त्या दोघांनी ऐरणीकडं पाहिलं, मग ओंडक्याकडं. त्यातला वयस्कर हळूच म्हणाला, "आण्णा, ही खणल्याबिगर निघायची न्हाय."

"वैशे," आई म्हणाली, "कुदळ दे त्यास्नी."

मला आजही सांगता येत नाही की मी घाबरले होते की मला आनंद झाला होता. मागच्या अंगणातून मी कुदळ आणली. देताना ती मी कारागिरांच्या हातात दिली नाही. आण्णांच्या पायापुढं ठेवली. माझ्या बाजूनं निरोप पोचवायचं काम त्या दिवशी संपलं. दाराबाहेर सात-आठ जण जमले होते. आई पुन्हा झाकण ऐरणीवर धरून, ऐरणीला चिकटून बसली आणि मठारायला लागली. टिण, टिण, टिण, टिण, पदर. टिण, टिण, टिण, टिण, पदर. खणायचं तर तिच्या मांडीशेजारी कुदळ मारावी लागली असती. आण्णा उभे राहिले, कारागीर उभे राहिले, कुदळ पडून राहिली. शेवटी आण्णा म्हणाले, "घराण्याचा ठसा मारायचा न्हाय ह्याच्यावर. सांगून ठेवतो." पण हेसुद्धा त्यांना थेट आईला सांगावं लागलं.

"नगंच मला तो," आई म्हणाली.

ते गेल्यावर तिनं हातोडी खाली ठेवली. मी पाणी आणून दिलं. ती म्हणाली, "काठाजवळ एक ठोका वाकडा पडलाय. ते कुदळ म्हणालो ना मी, तवा." आणि अर्धा तास तो एक ठोका काढण्यात घालवला.

झाकणाची मूठ म्हणजे ओतीव चांदीचं एक फळ होतं, पाकळ्यांचं. कांबळेबाई म्हणायच्या ती तिकडची एक भाजी आहे, आर्टिचोक. आईच्या मते ते सीताफळच होतं, आणि आतल्या बिया दाखवल्या नाहीत ही कारागिराची चूक. ते सीताफळ आणि काठाची पट्टी डाख लावून जोडल्यावर प्रश्न ठशाचा आला. तेवढ्यात आण्णांच्या दुकानातून कांबळेबाईंना फोन गेला होता, की आम्ही फ्रेंच ठसेसुद्धा हुबेहूब मारून देतो, सगळं अस्सल म्हणून विकता येईल. कांबळेबाईंनी हे येऊन आम्हाला सांगितलं आणि म्हणाल्या, "मला खोटी बाई नको झाकणावर. खरी आहे ना समोर."

आईनं मला खिळ्याएवढी पोलादी कांडी दिली. "अक्षर कोर."

"काय कोरू? क? तुझ्या नावाचा, कमलचा?"

तिनं थोडा विचार केला. "ता कोर," ती म्हणाली. "वर टिंब दे. तां. तांबटाची पोर म्हणत्यात न्हवं? मग कळू दे."

ठसा उलटा कोरावा लागतो हे मला माहीत होतं, तरी पहिल्यांदा मी सरळच कोरला आणि तुकड्यावर मारल्यावर अक्षर पाठमोरं उमटलं. आई पोट धरून हसली. बाबा गेल्यानंतरचं तिचं ते पहिलं हसू. दुसरी कांडी दोन दिवसांनी जमली. झाकणाच्या आतल्या बाजूला, काठाजवळ, आईनं एकाच ठोक्यात तो उमटवला. पुढं बऱ्याच वर्षांनी मुंबईहून जुन्या वस्तूंचा एक जाणकार कांबळेबाईंकडं आला होता. त्यानं झाकण भांड्यावर ठेवून, काढून, फिरवून पाहिलं आणि शेवटी आत बघून विचारलं, हे अक्षर कुठलं? झाकण नवं आहे हे त्याला ठशावरनं कळलं, घडणीवरनं नाही. आई तेव्हा हयात होती. मी तिला हे सांगितलं तर म्हणाली, "मग जाणकार कसला?"

भांडं पोचवायला आम्ही दोघी सिटी बसनं राजारामपुरीला गेलो, आई मांडीवर गाठोडं घेऊन. रविवार होता. कांबळेबाईंनी आम्हाला जेवायला थांबवलं होतं. जिना चढतानाच मटणाचा वास आला आणि मी आईकडं पाहिलं. बाबांचं वर्षश्राद्ध व्हायचं होतं, घरात वशाट बंद होतं. आणि इथं जेवल्याचं गल्लीत कळलं तर काय बोललं जाईल ते आम्हा दोघींना ठाऊक होतं. आई आत गेली आणि मोरीत हात धुऊन आली.

कांबळेबाईंनी सुपली धुतली, पुसली आणि तिच्यात पांढरा रस्सा ओतला. नारळाच्या दुधाचा, खसखशीचा, काळ्या मिऱ्यांचा तो वास. वर आईचं झाकण ठेवलं. बसलं; कुठं फट नाही, कुठं आवाज नाही. मग तिघी टेबलाशी बसलो. भाकरी, सुकं मटण, कांदा, आणि मधोमध ते भांडं. कांबळेबाईंनी विचारलं, "हे ठोकायचं शिकलात कुठं?"

"माझा आबा तांबट. गारगोटीचा."

कांबळेबाईंचा हात थांबला. "बाजारातली तांबट गल्ली? पिंपळाजवळची?"

"व्हय."

"आम्ही तिकडचेच. शाळेला जाताना तो आवाज ऐकत जायची मी." मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "माझ्या आईनं एक घागर घेतली होती तिथनं. मी सोबत होते. पैसे आईनं पायरीवर ठेवले. तांबटांनी त्यावर पाणी शिंपडून ते उचलले. आणि घागर हातात दिली नाही, जमिनीवर ठेवली आणि लांब सरकले. तुमचे वडील की दुसरं कुणी, मला माहीत नाही. घागर चांगली होती. अजून आहे माझ्या भावाकडं."

मला वाटलं आई म्हणेल, ते दुसरं कुणी असतील. गल्लीत चार घरं तांबटांची होती, तसं म्हणता आलं असतं. आईनं भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

"आबाच असंल," ती म्हणाली. "तो तसाच होता. मी बघितलंय त्याला तसं करताना. लई वाईट क्येलं त्यानं."

खालून रिक्षाचा हॉर्न ऐकू आला. आईची वाटी रिकामी झाली होती. ती तिनं टेबलावर ठेवली नाही. हातात घेऊन, हात लांब करून, कांबळेबाईंसमोर धरली.

"वाढा की," ती म्हणाली.

कांबळेबाईंनी झाकण उचललं, वाफ आली, चष्म्यावर धुकं धरलं. त्यांनी तो पुसला नाही. एका हातानं आईची वाटी खालून धरली आणि दुसऱ्या हातानं पळी भरून ओतली. आई वाटी तोंडाला लावून प्यायली. पुन्हा हात पुढं केला. तीन वेळा.

दुपारी परत आलो तेव्हा गल्लीत सगळ्यांची दारं उघडी होती. थोरली काकू पायरीवर गहू निवडत बसली होती. तिनं आमच्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मला विचारलं, "वैशे, कुठं गेलतीसा गं मायलेकी, रविवारच्या?"

मी तोंड उघडायच्या आत आई थांबली. ती गल्लीच्या मधोमध उभी राहिली आणि त्या टोकाच्या घरापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाली,

"जेवायला. कांबळेबाईंच्या घरात. मटण होतं."

आणि कारखान्याचं दार उघडून आत गेली.